दहा लाखांचा ॲम्प्लिफायर आणि दीडशेचा रिमोट

महागड्या ध्वनियंत्रणेची परीक्षणं वाचणाऱ्यांना एक गंमत ठाऊक असेल. ॲम्प्लिफायरमधल्या ट्रान्सफॉर्मरवर दोन परिच्छेद, मागच्या बाजूच्या जोडण्यांवर एक, पुढच्या पत्र्याच्या जाडीवर अर्धा, आणि शेवटी चार शब्द: ‘सोबत रिमोट दिला आहे.’ जी वस्तू रोज संध्याकाळी हातात असणार, तिची एवढीच वासलात. खुद्द ॲम्प्लिफायरला मालकाचा हात लागतो तो बहुधा धूळ पुसताना.

सुरतेत हा प्रश्न जरा जास्तच ठळक दिसतो. वेसू, पिपलोद, सिटीलाइट या भागांत हिऱ्याच्या आणि कापडाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरांतून स्वतंत्र संगीतखोल्या आणि होम थिएटर आले. खरेदी बरीचशी मुंबईतून: सकाळी फ्लाइंग राणीने जायचं, दुपारी दुकानात बसून ऐकायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. आपल्या मराठी मंडळींत हा नाद आहे तो मुख्यतः हजीरा पट्ट्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअरांना आणि बँकेतल्या काही रसिकांना. तिकडे उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून येऊन स्थिरावलेली जी मोठी वस्ती आहे, तिथे या यंत्रांची दुरुस्ती होते. म्हणजे एकाच शहरात रिमोट कौतुकाने सोफ्यावर बसून पाहता येतो आणि पोट फाडून टेबलावरही पाहता येतो. दोन्ही पाहिल्यावर माझं मत असं झालं की या धंद्यात रिमोटची प्रत त्याच्या वजनावरून ठरवण्याची जी रीत पडली आहे, ती ग्राहकाला फसवते.

आधी थोडा मागचा हिशेब. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीत युजीन पॉली यांनी १९५५ साली ‘फ्लॅशमॅटिक’ आणला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांवर प्रकाशाचे संवेदक होते आणि ग्राहकाने टॉर्चसारख्या वस्तूने नेम धरायचा. उन्हाची तिरीप पडली की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतल्या रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. त्यात ॲल्युमिनियमच्या छोट्या दांड्या होत्या, बटण दाबलं की हातोडी दांडीवर पडायची आणि माणसाला ऐकू न येणारा स्वर टीव्हीला ऐकू जायचा. सेल नाही, वायर नाही. बटण खट्‌कन दाबलं गेल्याचं बोटाला आणि कानाला दोन्हीकडून कळायचं. आजच्या निम्म्या महागड्या रिमोटांना हे जमलेलं नाही.

उंची ऑडिओवाल्यांनी मात्र बराच काळ रिमोटकडे तुच्छतेनेच पाहिलं. विशेषतः ब्रिटिश कंपन्यांचा बाणा असा की खरा श्रोता उठून बटण फिरवतो. आवाजाच्या वाटेत मोटर आणि तर्कपरिपथ आले की शुद्धता गेली. हा विरोध पुढे मावळला तो आल्प्ससारख्या जपानी कंपन्यांच्या मोटर लावलेल्या पोटेंशिओमीटरमुळे. सिग्नल पूर्वीच्याच वाटेने जातो, फक्त बोटाऐवजी छोटी मोटर दांडा फिरवते. समोरची गोल मूठ स्वतःहून फिरताना बघणं हा आजही एक निर्भेळ आनंद आहे, पाहुण्यांना दाखवण्यासारखा.

१९८० च्या दशकात फिलिप्सने ‘आरसी-५’ नावाची संकेतपद्धत रूढ केली आणि युरोपातल्या पुष्कळ कंपन्यांनी ती उचलली. ३६ किलोहर्ट्झच्या लहरीवर १४ बिटांचा निरोप. त्यात ३२ उपकरणांचे पत्ते आणि प्रत्येकाला ६४ आज्ञा. १६ नंबरचा पत्ता प्रीॲम्प्लिफायरचा, २० नंबरचा सीडी प्लेअरचा. आवाज वाढवायचा क्रमांक १६, कमी करायचा १७. यातून एक मोठा फायदा झाला आणि एक विनोदही. फायदा असा की एका कंपनीचा रिमोट हरवला तर दुसरीचा चालून जातो. विनोद असा की एकाच खोलीत दोन निरनिराळ्या घराण्यांचे ॲम्प्लिफायर असले तर एकाचा आवाज कमी करताना दुसराही मान खाली घालतो.

आता मुख्य प्रश्न. दहा लाखांच्या यंत्राबरोबर रद्दी रिमोट का येतो? कंजूषपणा हे उत्तर सोपं आहे, पण पुरं नाही. प्लास्टिकचा चांगला रिमोट बनवायचा तर आधी डाय लागते, आणि डायचा खर्च काही लाखांत जातो. टीव्हीच्या कंपनीला तो लाखो नगांवर वाटून टाकता येतो. वर्षाला काहीशे ॲम्प्लिफायर विकणाऱ्या कारखान्याला तो परवडत नाही. मग त्याच्यापुढे दोन वाटा उरतात. एक, तयार रिमोट बनवणाऱ्या कारखान्याच्या यादीतून एखादा साचा निवडायचा आणि वर आपलं नाव छापून घ्यायचं. म्हणूनच अनेक नामांकित यंत्रांच्या रिमोटवर निम्मी बटणं निरुद्योगी असतात. ‘ट्यूनर’ असं लिहिलेलं असतं आणि कंपनीने ट्यूनर कधी बनवलेलाच नसतो. दुसरी वाट म्हणजे ॲल्युमिनियमची कांडी सीएनसी यंत्रावर कोरायची. त्याला डाय लागत नाही. दहा नग काढा नाही तर शंभर, दर नगाचा खर्च जवळपास सारखाच. जाडजूड धातूचा रिमोट जन्मतो तो बहुतेक वेळा या अडचणीतून. श्रीमंती थाट नंतर माहितीपत्रकात चिकटवला जातो.

हे एकदा लक्षात आलं की बाजारातला बराच गोंधळ उलगडतो. डेनॉन, यामाहा या मोठ्या कंपन्यांचे प्लास्टिकचे रिमोट हाताला हलके, साधे. पण बटणाचा उठाव, रबराचा दाब, सेलचं झाकण या बाबतींत कारागिरी पक्की, कारण त्यामागे मोठ्या संख्येचं बळ आहे. त्यांचं दुखणं वेगळं: होम थिएटरच्या रिसीव्हरबरोबर येणाऱ्या रिमोटवर बटणांची जत्रा भरलेली असते. उलट पास लॅब्ज किंवा मार्क लेविन्सन यांच्या धातूच्या रिमोटांवर मोजकीच बटणं. ते हातात घेतले की माणूस खूश होतो. पण अशा कोरीव रिमोटांच्या घराण्यातले बरेच नमुने अंधारात निरुपयोगी ठरतात: सगळी बटणं एकाच आकाराची, एकाच अंतरावर, आणि चंदेरी पृष्ठावर राखाडी अक्षरं. विकत घेणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला, चष्मा शेजारच्या खोलीत. शिवाय सुरतेतल्या दिवाणखान्यात फरशी संगमरवराची नाही तर व्हिट्रिफाइड टाइलची. अर्धा किलोची कांडी सोफ्यावरून घसरली की टाइलचा कपचा उडतो आणि रिमोटला पोचा येतो. सेल बदलायचे तर मागचे चार षट्कोनी स्क्रू काढायचे. त्यांची किल्ली खोक्यात आली होती आणि खोकं माळ्यावर आहे.

मॅकिंटॉश हे मोठं नाव, निळ्या मीटरांसाठी जगभर ओळखलं जाणारं. त्यांच्या अनेक ॲम्प्लिफायरांबरोबर साधा, बहुबटणी प्लास्टिकचा रिमोट येत आला आहे आणि मालकांची त्यावरची कुरकुर जुनी आहे. मला ती निम्मीच पटते. दिसायला सामान्य असला तरी तो रिमोट काम करतो. फक्त त्या निळ्या मीटरांच्या शेजारी ठेवला की लाज वाटते. ही लाज हाच खरा मुद्दा असेल तर धातूची कांडी घ्यावी आणि गप्प बसावं.

रिमोटचा विचार यंत्रासोबत, पहिल्या दिवसापासून केला असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल अशी नावं थोडीच. त्यात सगळ्यात वर डेन्मार्कची बँग अँड ओलुफसेन. १९८० च्या दशकातला त्यांचा बीओलिंक १००० आणि नव्वदच्या दशकातला बीओ-४ हे दोन रिमोट मी या कलेतले गुरू मानतो. बीओ-४ लांबट, अरुंद, हाताला थंड आणि बरोबर तोललेला. त्याची रीत अशी: आधी काय ऐकायचं ते निवडा, मग त्यातलं हवं ते. टीव्ही, रेडिओ, सीडी सगळ्यांना तीच बटणं, कारण संदर्भ आधीच ठरलेला. अंगठा मधल्या भागातून फारसा हलवावा लागत नाही. पण या गुरूचीही एक खोड आहे. बाकीचं जग ३६ ते ४० किलोहर्ट्झच्या आसपास बोलतं तेव्हा हे लोक ४५५ किलोहर्ट्झवर बोलतात. सुरतेतल्या इंटिरिअरवाल्यांना यंत्रं काळ्या काचेच्या कपाटात लपवायची भारी हौस. मग निरोप आत पोचवायला इन्फ्रारेड रिपीटर लावावा लागतो. नेहमीचा रिपीटर या ४५५ च्या भाषेपुढे बहिरा. बाजारातला ‘सगळ्यांना चालणारा’ रिमोटही तिथे हात टेकतो.

फ्रान्सच्या देव्हियालेने आपल्या एक्स्पर्ट मालिकेच्या ॲम्प्लिफायरांसोबत एक चौकोनी ठोकळा दिला, वर एकच मोठी गोल मूठ आणि बाजूला दोन-चार बटणं. तो रेडिओ लहरींवर चालतो, त्यामुळे नेम धरावा लागत नाही. टेबलावर ठेवून तळव्याने फिरवायचा. ही कल्पना मला फार आवडते, कारण आवाज वाढवणं ही क्रिया मुळात फिरवण्याचीच आहे. नेम कंपनीचा २०१७ नंतरच्या युनिटी मालिकेतला रिमोट झिगबी नावाच्या रेडिओ पद्धतीवर ॲम्प्लिफायरशी दुतर्फा बोलतो. रेगाने तर साधेपणाच स्वीकारला: प्लास्टिक ते प्लास्टिक, पण स्वतःच्या यंत्रांपुरतं नीट मांडलेलं.

धातू, प्लास्टिक, रेडिओ, इन्फ्रारेड या सगळ्या चर्चेच्या तळाशी एकच गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नसतं: आवाजाचं बटण एकदा दाबलं की आवाज किती बदलतो? रात्री अकराला घरचे झोपल्यावर किशोरीताई आमोणकरांचा एखादा विलंबित ख्याल लावावा. आलाप इतका हळुवार की दोन पायऱ्या चढवाव्या लागतात, आणि मग द्रुत सुरू झालं की त्या उतरवाव्या लागतात. इथे रिमोटची परीक्षा होते. मोटरवाल्या जुन्या पद्धतीत बटणाला नुसता स्पर्श केला तरी मोटर आपल्या वेगाने थोडी पुढे घसरते. त्यात आणखी एक मेख आहे. सीडी प्लेअरचा आउटपुट २ व्होल्टचा, आणि अनेक ॲम्प्लिफायरांचं इनपुट त्याच्या दहाव्या हिश्शातच पूर्ण शक्तीला पोचणारं. म्हणजे सगळा उपयोगी आवाज मुठीच्या पहिल्या पाव फेऱ्यात कोंबलेला. तिथे मोटरची एक उडी म्हणजे कुजबुजीवरून एकदम ओरड.

नव्या पद्धतीत मोटर गेली आणि चिप आली. बर-ब्राउनची पीजीए २३१० ही त्यातली माहितीतली चिप: अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्या, उणे ९५.५ पासून अधिक ३१.५ डेसिबलपर्यंत. ऐकायला छान. पण आरसी-५ मध्ये बटण दाबून धरलं तर निरोप साधारण ११४ मिलिसेकंदांनी पुन्हा जातो, म्हणजे सेकंदाला नऊच्या आतच. अर्ध्या डेसिबलच्या हिशेबाने ४० डेसिबल खाली यायला ८० निरोप, म्हणजे नऊ सेकंद. दाराची बेल वाजली आहे, फोन वाजतो आहे आणि आपण अंगठा पांढरा पडेपर्यंत बटण दाबून उभे. शहाण्या कंपन्या यावर सॉफ्टवेअरमध्ये तोडगा काढतात: पहिल्या काही निरोपांना बारीक पायरी, धरून ठेवलं की मोठी. हे करायला ना ॲल्युमिनियम लागतं ना डाय. कुणीतरी कारखान्यात रात्री बसून स्वतः गाणं ऐकलेलं असावं लागतं, बस.

सुरतेचं हवामान हा पुढचा परीक्षक. पश्चिमेकडे तोंड केलेले, काचेच्या मोठ्या खिडक्यांचे फ्लॅट. दुपारी चारला ऊन थेट ॲम्प्लिफायरच्या डोळ्यावर. रिमोटचा प्रकाश ठरावीक ठेक्यात लुकलुकतो म्हणून तो उन्हातून वेगळा काढता येतो, पण संवेदकच उन्हाने दिपला तर पल्ला आठ मीटरवरून दोनवर येतो. सीएफएल दिव्यांच्या काळात आणखी एक त्रास होता: त्या दिव्यांच्या चोकची वारंवारता रिमोटच्या लहरीच्या आसपास पडायची आणि दिवा लावला की यंत्र बहिरं व्हायचं. एलईडी आल्यावर ही तक्रार जवळजवळ मिटली.

दमट हवेचा खरा बळी म्हणजे ‘सॉफ्ट टच’ लेप. दोन हजार सालानंतरच्या दशकात अनेक कंपन्यांनी प्लास्टिकवर मखमली वाटणारा पॉलियुरेथेनचा थर दिला. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू विघटित होतो आणि सात-आठ पावसाळ्यांत रिमोट चिकट होऊन बसतो, आंबा खाल्लेल्या हाताने धरल्यासारखा. युरोपातल्या कोरड्या, गरम केलेल्या खोल्यांत हे तितक्या लवकर दिसत नाही, त्यामुळे तिकडच्या परीक्षणात त्याचा उल्लेख सापडायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो लेप पार पुसून काढला की खालचं साधं प्लास्टिक निघतं आणि तेच जास्त बरं असतं. आपल्याकडे रिमोटला नव्या दिवसापासून प्लास्टिकची पिशवी चढवतात त्याला आपण हसतो. पण त्या पिशवीत घाम आणि वाफ कोंडते आणि लेप आणखी लवकर सुटतो.

सेलची कथा सगळ्यांना माहीत असते आणि तरी घडते. उन्हाळ्यात गावी गेलं, घर दोन महिने बंद, आल्यावर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी. अल्कलाइन सेल गळला तर तो क्षार. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतो. जस्त-कार्बनचा स्वस्त सेल आम्लधर्मी गळतो. त्याला खाण्याचा सोडा. उलटसुलट केलं की नुसती चिखलवाट.

उधन्यात एका अमळनेरच्या कारागिराच्या टेबलावर मी माझा रिमोट उघडलेला पाहिला. आवाज कमी करायचं बटण मेलं होतं, बाकी सगळी ठीक. त्याने जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीत सरकवलं, टक टक करत सगळे खटके सोडवले आणि दोन भाग वेगळे केले. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर बटणांची रबरी चटई. चटईच्या खाली प्रत्येक बटणामागे कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की ती पट्टीवरच्या दोन रेषा जोडते. सगळ्या टिकल्या मंद काळ्या होत्या, एक मात्र चकचकीत आणि मधोमध झिजलेली. पट्टीवर तेलकट थरही होता. तो सिलिकॉन रबरातूनच वर्षानुवर्षं झिरपत येतो. ‘कार्बन मरी गया भाऊ, बाकी सम्दं ठीक शे,’ तो अहिराणीत म्हणाला आणि भंगारातल्या टीव्हीच्या रिमोटमधून एक टिकली कापून फेवीक्विकच्या थेंबावर बसवली. रिमोट पुन्हा मिटवण्याआधी त्याने फोनच्या कॅमेऱ्यापुढे बटण दाबून पाहिलं. डोळ्याला न दिसणारा दिवा पडद्यावर जांभळा लुकलुकला. (आयफोनच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड गाळणी असते, तिथे बहुधा पुढचा कॅमेरा वापरावा लागतो.) हीच दुरुस्ती धातूच्या कांडीत इतकी सरळ असतेच असं नाही. तिथे बरेचदा रबराऐवजी पट्टीवर जोडलेले बारीक स्विच असतात. ते जास्त टिकतात, पण गेले की तसाच जोड शोधायला पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जावं लागतं.

रिमोटचा जमाना संपला, आता सगळं फोनवर, असं दुकानात हमखास सांगतात. फोनवर गाणं शोधायला सोय आहेच. हजारो तबकड्यांतून ‘मारवा’ काढायला कोणताही रिमोट पुरणार नाही. पण आवाज कमी करायला फोन उचला, कुलूप उघडा, ॲप उघडा, ते वायफाय शोधेपर्यंत थांबा, हा प्रकार बेल वाजत असताना करून पाहावा. सोनोसने २००५ साली पहिल्या संचासोबत सीआर १०० नावाचा नियंत्रक दिला होता. त्यावर फिरवायचं चाक आणि आवाजाची खरीखुरी बटणं होती. २०१८ मध्ये कंपनीने तो बंद पाडला. जुन्या बॅटऱ्या धोकादायक होऊ शकतात हे एक कारण दिलं. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीने नवं ॲप आणलं, त्यात जुन्या अनेक सोयी गायब झाल्या, ग्राहक खवळले, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांना पायउतार व्हावं लागलं. ‘सगळ्यांसाठी एकच’ म्हणवणाऱ्यांचंही आयुष्य लांब ठरलं नाही. फिलिप्सचा प्रोन्टो १९९८ ला आला आणि २०१० ला गेला. लॉजिटेकने हार्मनीचं उत्पादन २०२१ मध्ये थांबवलं. इकडे १९९० च्या आसपासचा आरसी-५ रिमोट दोन सेल टाकले की आजही चालतो, कारण तो कुणाच्या सर्व्हरला विचारून बटण दाबत नाही.

म्हणून नवं यंत्र घेताना दुकानात पंधरा मिनिटं रिमोटसाठी ठेवावीत. दिवे मालवायला सांगून अंगठ्याने आवाजाचं बटण सापडतं का ते पाहावं. अगदी हळू आवाजावर एकच टिचकी मारावी आणि पुढच्या टिचकीत किती उडी बसते ते ऐकावं. सेलचं झाकण नखाने उघडतं का, हेही. संकेतपद्धत कोणती ते विचारावं. विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसतं, पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत कधी कधी आज्ञांचा तक्ता छापलेला असतो. आणि रिमोट नवा असतानाच त्याचे संकेत एखाद्या शिकणाऱ्या रिमोटमध्ये उतरवून ठेवावेत, कारण मेलेल्या रिमोटकडून काही शिकता येत नाही. आयात केलेल्या यंत्राचा सुटा रिमोट मागवायला महिने लागू शकतात आणि किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते.

भाव करताना आपण सुरतकर मंडळी सवयीने सोबत काहीतरी फुकट मागतो, आणि ते काहीतरी बहुधा केबल असते. विक्रेताही ती हसत देतो, कारण केबलमध्ये त्याची कमाई भरपूर असते. त्याऐवजी दुसरा रिमोट मागून पाहावा. दहा लाखांच्या व्यवहारात वीस हजारांची केबल सोडणारा माणूस तेवढ्यावर घासाघीस सुरू करतो आणि म्हणतो, ‘ते कंपनीला विचारावं लागेल, शेठ.’